चिकाचे अंगठे

"आणखी जोरात दाब," पोलीस अंमलदार म्हणाला.

धाकटीने शाईचा अंगठा जीव खाऊन दाबला. कागदावर नुसता काळा डाग उठला. रेष एक नाही. तिच्या आधीच्या अकरा बायकांची तीच गत झाली होती.

कारखान्याच्या टेबलावर बाजारातून परत आलेल्या चीजच्या पाकिटांचा ढीग होता. काजूचं चीज, दुधाचा थेंब नसलेलं. प्रत्येक पाकिटावर छापलेलं, 'यासाठी एकाही जिवाला इजा झालेली नाही.' त्या ओळीखाली कुणीतरी काजूच्या टरफलाच्या चिकाने काळा अंगठा उठवला होता. अख्ख्या सोमवारच्या मालावर. हा अंगठा कुणाचा, असं गिऱ्हाइकं विचारू लागली, आणि मालकांच्या नावाची पार माती झाली.

मालक भला माणूस, असं मालकच सांगत. चामड्याची चप्पल घालत नसत. मुंगी दिसली की वळसा घालत. काजू फोडणाऱ्या बायका मुंगीपेक्षा बऱ्याच मोठ्या, म्हणून बहुधा दिसत नसाव्यात. चीक कातडी जाळतो. हातमोजे मागितले की "पुढच्या महिन्यात बघू". बोटांच्या रेषा गेल्या, तसं हजेरीचं मशीन अंगठे ओळखेना. रोज लाल दिवा. "मशीन नाही म्हणालं म्हणजे तुम्ही आलाच नाहीत," मालक म्हणत आणि दिवसभर राबवून घेत. याच गैरहजेरीवर त्यांनी धाकटीच्या थोरल्या जावेला, वीस वर्षं तिथे हात जाळून घेतलेल्या बाईला, फाटकाबाहेर काढलं. थोरलीने तेव्हापासून अन्न टाकलं होतं. धाकटीच्या अंगाचा तिळपापड झाला होता. पण रागाच्या भरात माणूस चुका करतं, म्हणून तिने चांगले सहा दिवस जाऊ दिले होते.

"हिचंच काम!" मालक ओरडले. "जावेचा सूड उगवतेय! आत टाका हिला!"

"सोमवारी पाकिटं भरली तेव्हा होतीस का गं तू इथे?" अंमलदाराने विचारलं.

धाकटीने अंगठ्याची शाई पदराला पुसली. "मला काय विचारता, साहेब? मशीनला विचारा. आमच्यापेक्षा त्याचाच शब्द मोठा आहे इथे."

मशीनमधली सोमवारच्या हजेरीची यादी आली. अंमलदाराने ती उलटसुलट करून पाहिली. "मालक, यात तर एकही बाई नाही. मग पकडू कुणाला?"

"अहो, मशीनला काय कळतंय!" मालकांचा तोल गेला. "आंधळं आहे ते! या सगळ्या सोमवारी इथेच होत्या. रोजच असतात. हिची ती जाऊसुद्धा, मी काढून टाकेपर्यंत एक दिवस चुकली नव्हती!"

अंमलदाराने यादीवरून मान वर केली. आपण काय बोलून बसलो ते मालकांना कळायला जरा वेळ लागला.

"साहेब," धाकटी म्हणाली, "हेच हवं होतं. आता हे जसंच्या तसं लिहून घ्या. आणि खाली सही नको, मालकांचा अंगठा घ्या."