फियाटला आलेलं गिऱ्हाईक

"गाडीचा तळ बिस्किटांच्या डब्यांचा आहे, बरं का," लास्मी म्हणाली आणि चहाचा, तळलेल्या केळ्यांचा ट्रे तिने ओसरीवर ठेवला.

नार्तोने बायकोकडे असं काही पाहिलं, की दुसरी कुणी असती तर जागच्या जागी गप्प झाली असती. पण ही पडली लास्मी. सेमारांग शहरातून आलेलं गिऱ्हाईक, हेर्दी नावाचा चाळिशीतला गृहस्थ, फियाटभोवती दोन फेऱ्या मारून आताच कुठे खूश होऊन टेकला होता. लग्नात नवरानवरीला मिरवायला त्याला अशीच जुनी गाडी हवी होती. व्यवहार ठरल्यातच जमा होता. त्यातून स्वयंपाकघरावर पक्कं छप्पर पडणार होतं. फाटक्या ताडपत्रीखाली चूल फुंकणाऱ्या बायकोसाठीच तर नार्तो काळजावर दगड ठेवून गाडी विकायला निघाला होता. आणि तीच बया मधे तोंड घालत होती.

"डब्यांचा म्हणजे, काकू?" हेर्दीने विचारलं.

मग काय, लास्मीने पाढाच वाचला. ईदच्या बिस्किटांचे पत्र्याचे डबे. गल्लीतल्या बायका त्यात पापड भरून ठेवतात, तर ह्यांनी घरोघर जाऊन ते मागून आणले, ठोकून सपाट केले आणि गंजून गळालेल्या तळाच्या जागी जोडले. सीटमधे आमच्याच जुन्या गादीतला सावरीचा कापूस. वरचं कापड माझ्या नेसायच्या बाटिकचं. पुढच्या दिव्याचं चकचकीत कडं दिसतंय ना, ते भाताच्या पातेल्याचं झाकण, मधून कापलेलं. पातेलं बिचारं अजून उघडंच आहे.

हेर्दी पोट धरून हसला. गाडी त्याला आता जास्तच आवडली होती; लोकांना असल्या गोष्टी ऐकायला फार आवडतात, म्हणाला. नार्तोच्या जिवात जीव आला. पाहुण्याची नजर मात्र अधूनमधून चहाकडे जात होती. यजमानीणबाईंनी 'घ्या' म्हटल्याशिवाय कपाला हात लावायचा कसा? आणि लास्मी काही केल्या 'घ्या' म्हणेना. तळलेल्या केळ्यांवर माशी बसली, ती तेवढी तिने हाकलली.

"ब्रेकचं सांगितलंत का यांना?" तिने नवऱ्यालाच विचारलं.

नार्तो चमकला. "ब्रेकचं काय?"

"अहो, लागत नाहीत ते." ती पाहुण्याकडे वळली. "सपाट रस्त्यावर चालून जातं. उतार लागला की देवाचं नाव घ्यायचं. तुम्ही नवी नवरी बसवणार ना, म्हणून सांगितलं हो. उद्या आमच्या डोक्यावर पाप नको."

परक्या माणसासमोर बायकोला खोटं पाडायचं? नार्तोने जन्मात केलं नव्हतं. "तसं काही नाहीये," एवढंच तो पुटपुटला, आणि तेही इतकं हळू, की हेर्दीला तो कबुलीजबाबच वाटला. त्याने गाडीकडे एकदा हळहळून पाहिलं. विचार करून कळवतो, म्हणाला. याचा अर्थ काय ते ओसरीवरच्या तिघांनाही कळलं.

"अहो, चहा घ्या ना," लास्मी म्हणाली. "गार होतोय."

हेर्दीने चहा घेतला, लास्मीने आग्रह करकरून दोन केळीही खायला लावली, आणि मग तो गेला.

नार्तोने गाडीजवळ पडलेला पाना उचलला. फडक्याने तो पुसत राहिला.

"डबे खरे," तो शेवटी म्हणाला. "कापूस खरा. झाकणही खरं. पण ब्रेक? अगं, बाकी सगळं जुगाड आहे, कबूल. ब्रेकमधे मी काटकसर केली नाही. त्याच्यासाठी विड्या सोडल्या मी, लास्मी." छप्पर गेल्याचं त्याला त्या क्षणी काहीच वाटत नव्हतं.

"माहितीये मला."

"मग खोटं का बोललीस?"

"खरं सांगून तो हलेना. मग काय करू?" लास्मीने कप गोळा करायला घेतले. "छप्पर झालं असतं हो. आणि तुम्ही? बसची नोकरी सुटली तेव्हा वर्षभर भिंतीकडे बघत बसला होतात. जेवायला हाक मारली तर ओ द्यायचा नाहीत. मी भ्यायले होते तेव्हा. ही खटारा गाडी दारात आली आणि तुम्ही पुन्हा शीळ घालत उठायला लागलात. गळू दे ते छप्पर. मला माझा माणूस पाहिजे."

चाळीस माणसांची बस घाटातून उतरवणारा माणूस, बायकोसमोर पाना हातात धरून उभा राहिला.

लास्मी आत गेली आणि बाजारची टोपली घेऊन बाहेर आली. आजवर ती पुसायला तेवढी गाडीत शिरली होती. आज तिने स्वतःच पुढचं दार उघडलं आणि ऐसपैस बसली.

"चला. मासळी आणायचीय."

"वरच्या रस्त्याने जाऊ," नार्तो म्हणाला.

"उताराच्या रस्त्याने घ्या."

त्या उतारावर माणसं सायकलवरून खाली उतरून चालत जातात. नार्तोने गाडी सुरू केली, गल्लीतून बाहेर काढली आणि उताराच्या तोंडाशी आणली. पाय ब्रेकवर ठेवून त्याने हळूच बाजूला पाहिलं.

गाडीचं नाक खाली झुकलं तेव्हा लास्मी टोपली मांडीवर ठेवून, दोन्ही हात वर करून, निवांत अंबाडा बांधत होती.