त्याच्यामुळेच

अहवाल लिहून झाला होता, फक्त सही राहिली होती. भिंगवाल्या बाईंनी पेनाचं टोपण काढलं आणि तेवढ्यात प्रयोगशाळेच्या खिडकीवर टकटक झाली. इस्पितळात त्यांना सगळे भिंगवाल्या बाईच म्हणत. वीस वर्षं त्या सूक्ष्मदर्शकात डोळा घालून बसल्या होत्या, नाव विचारायची सवड कोणाला मिळालीच नव्हती.

खिडकीत चाळिशीची एक बाई उभी होती. "सतरा नंबरच्या खाटेवरचा माझा धाकटा भाऊ. काल त्याच्या हाडातून काढलं ना, त्याचा कागद मिळेल?"

"कागद वॉर्डात जातो. नातेवाइकांच्या हातात देत नाही."

"बरं." पण ती हलली नाही. "एवढंच सांगा मॅडम, दुसरं काही निघालं का?"

"दुसरं म्हणजे?"

तिने मागे वळून पाहिलं आणि आवाज खाली आणला. "त्याला एचआयव्ही आहे ते मला ठाऊक आहे. त्याच्याशिवाय दुसरं."

असल्या गोष्टी खिडकीतून बोलायच्या नसतात. भिंगवाल्या बाईंनी दार उघडून तिला आत घेतलं, स्टूल पुढे सरकवलं.

"दोन महिने ताप उतरत नाही," ती म्हणाली. "विचारलं की डॉक्टर म्हणतात, त्याच्यामुळेच. पोट डावीकडून फुगलं, त्याच्यामुळेच. रक्त भरलं तरी आठवड्यात पुन्हा पांढराफटक पडतो, तेही त्याच्यामुळेच. मध्यंतरी लंगडायला लागला होता. तपासणाऱ्यांनी फाइल उघडली आणि म्हणाले, त्या आजारात नसा जातात. घरी आल्यावर मी त्याची चप्पल उलटी करून बघितली. खिळा वर आला होता."

भिंगवाल्या बाईंना हसू फुटलं. पुढच्याच क्षणी त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. समोरच्या कागदावर सुवाच्य अक्षरांत त्यांनी स्वतःच लिहिलं होतं: मज्जेतले बदल एचआयव्हीमुळे.

ते खोटं नव्हतं. त्या आजारात हाडाच्या मगजातला कारभार बिघडतोच. पेशी वेड्यावाकड्या होतात, काही नको तितक्या वाढतात. फाइलमध्ये होतं तेच भिंगाखाली दिसलं, आणि जुळलं म्हणून त्या थांबल्या होत्या. नमुन्याच्या काचा चार होत्या. त्यांनी दोनच पाहिल्या होत्या.

"बसा जरा," त्या म्हणाल्या.

तिसऱ्या काचेवर त्यांनी तेलाचा थेंब सोडला आणि सगळ्यात मोठं भिंग फिरवलं. काहीच नाही. चौथ्या काचेच्या अगदी कडेला एक मोठी पेशी होती, दाण्यांनी गच्च भरलेल्या डब्यासारखी. प्रत्येक दाण्यात एक गोल ठिपका आणि शेजारी बारीकशी रेघ. विद्यार्थ्यांना हे चित्र त्यांनी किती वेळा दाखवलं होतं. बाईंना आनंद झाला, आणि मग त्या आनंदाचीही लाज वाटली.

"दुसरं निघालं," त्या वळून म्हणाल्या. "काळा आजार म्हणतात याला. एक बारीक माशी चावते, तिच्यातून हे जंतू अंगात शिरतात आणि हाडाच्या मगजात ठाण मांडतात. ताप, पोट, रक्त कमी होणं, सगळं याने होऊ शकतं."

"औषध आहे?"

"आहे. शिरेतून द्यायचं. पुन्हा डोकं वर काढू शकतो हा, म्हणून लक्ष ठेवावं लागेल. आधीच्या गोळ्याही सोडायच्या नाहीत. पण औषध आहे."

"आणि कळलंच नसतं तर?"

भिंगवाल्या बाईंना खोटं बोलता आलं असतं. "वाचला नसता," त्या म्हणाल्या. "मी दोन काचा बघून थांबले होते, ताई. चुकलं माझं."

ती चिडली नाही, रडलीही नाही. तिने पदराने कपाळ पुसलं. बाईंनी जुना कागद फाडला, नवा पुढे ओढला आणि सवयीने भराभर लिहायला घेतलं: रुग्ण पुरुष, वय चौतीस, एचआयव्हीबाधित.

ती उठून जवळ आली आणि त्या ओळीवर तिने बोट ठेवलं.

"मॅडम, हे खाली लिहा. डॉक्टर एवढंच वाचतात."