खंयचो खडक?

"हे चित्र कुठे मिळालं तुम्हाला?" सुनावणी घेणाऱ्या परब साहेबांनी विचारलं.

"आमच्याच घरात," शर्मिष्ठाबाई म्हणाल्या. "दुसरीकडे कुठे मिळणार?"

चित्र पाटीएवढं होतं. जाड कागदावर काळ्या शाईचा ठसा, कडा तांबूस पडलेल्या. समुद्रात पाय सोडून बसलेला खडक, त्याच्या पोटात आरपार भोक आणि भोकातून दिसणारं गलबत. खाली इंग्रजी अक्षरांत 'खैंचो रॉक' आणि सन १८६२.

मिठबावच्या पलीकडे, बाईंच्या गावात, त्याला भोकाचा खडक म्हणतात. सुकतीला, पाणी ओसरलं की, बायका त्याच्याखाली बसून कालवं काढतात. तिथे एका रिसॉर्टला जेटी हवी होती. खडक नैसर्गिक आणि जुना ठरला तर त्याला हात लावता येणार नव्हता. म्हणून रिसॉर्टवाल्यांनी कागद रंगवले, की हे भोक चाळीस वर्षांपूर्वी खाणवाल्यांनी सुरुंग लावून पाडलं.

बाईंनी सत्तरी ओलांडली होती. सहा वर्षांच्या असताना आईचा पदर धरून त्या याच भोकातून पलीकडे गेल्या होत्या. मागच्या तारखेला त्यांनी तसं सांगितलंही. रिसॉर्टचा वकील हसला. "आजी, आठवणी घरी सांगा. इथे कागद लागतो."

खडकाचा जन्मदाखला कुठून आणायचा? बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला होता. तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवलेली बाई, असल्या दीडशहाण्यांना ती काय भीक घालणार! कागद हवा ना? मग घ्या कागद.

वकिलाने चित्र उलटसुलट करून पाहिलं. "साहेब, या किनाऱ्यावर 'खैंचो' नावाचा खडक कुठल्याच दप्तरात नाही. हे चित्र दुसरीकडचं आहे."

मागच्या बाकावर कालवंवाली तुळसा होती. बाई तिच्याकडे वळल्या. "तुळसा, गोऱ्या सायबान खडपार बोट दाखवन तुका इचारल्यान, त्या खडकाचा नाव काय, तर तू काय म्हणशीत?"

"थंय धा खडक आसत," तुळसा म्हणाली. "मी इचारतलंय, खंयचो?"

दारातला शिपाई फिसकन हसला आणि सगळी खोली हसायला लागली. समोरच्याने 'खंयचो?', म्हणजे 'कोणता?' विचारलं आणि गोऱ्या साहेबाने तेच नाव म्हणून टिपून घेतलं!

"अशी चूक गोऱ्या साहेबाशिवाय कुणाच्या हातून होईल?" बाईंनी विचारलं. "चित्र खरं असल्याची आणखी कसली खूण हवी?"

वकील हसला नाही. "चित्र तज्ज्ञांकडे पाठवा. कागद, शाई, सगळं तपासू द्या."

"पाठवा की," बाई कडाडल्या. "पण तोवर सुरुंग लावणार नाही, असं लिहून द्या. आत्ता, इथे."

"ते अशिलाला विचारावं लागेल."

"म्हणजे निकाल येईपर्यंत खडकाची खडी! माझ्या डोळ्यांवर विश्वास नाही, कागदावर नाही. उद्या खडकालाच साक्षीला उभं करा म्हणाल."

परब साहेब एवढ्या वेळात एकदाही हसले नव्हते. माणूस पंचेचाळिशीचा, बोलणं कोरडं, मराठी पुस्तकातली. त्यांनी भिंग काढलं आणि चित्राखालच्या अक्षरांवर धरलं. बराच वेळ धरलं. बाईंची नजर भिंगावरून हलेना. पण मान खाली घालायची नाही, हे त्यांनी घरून निघतानाच ठरवलं होतं.

"तज्ज्ञांची गरज वाटत नाही," साहेब म्हणाले. "मी तपासलं आहे. खडक नैसर्गिक आहे, जुना आहे. जेटीला परवानगी नाही."

त्यांनी सही केली, शिक्का मारला. वकील बॅग आपटून निघून गेला. तुळसा गावात फोन लावायला बाहेर धावली.

खोलीत दोघंच उरली. साहेबांनी चित्र गुंडाळून बाईंच्या हातात दिलं. "नक्कल फाईलला लावतो. हे घरी घेऊन जा आणि पुन्हा कुणाला दाखवू नका."

"का?" बाईंनी ताठ मानेने विचारलं.

साहेब खुर्चीतून उठले. वाकून त्यांनी बाईंच्या पायांना हात लावला.

"बाई, सातवीत तुमी आमका लाकडाचे ठसे कोरूक शिकवलात. तुमचो इंग्रजी 'एन' तेवांय उलटो येय, अजूनय उलटोच येता."