तेलापुरती फट

"आधी हात पूस. मग हात लाव," थोरला म्हणाला.

धाकट्याने मुकाट्याने हात पुसले. शेडच्या मधोमध इंजिन स्टँडवर उलटं टांगलेलं होतं. गंजून चिकटलेले पिस्टन थोरल्याने लाकडी ठोकळा लावून, ठोकून ठोकून आधीच बाहेर काढले होते. आता राहिला होता क्रँक, म्हणजे पिस्टनच्या जोरावर फिरणारा दांडा, आणि तो ज्यांत फिरतो ती बेअरिंगं. त्याच्या दृष्टीने खरं काम तेच होतं.

गाडी वडिलांची. त्यांनी घेतली तेव्हाच ती म्हातारी होती. आई गेल्यापासून ती ताडपत्रीखाली पडून होती, आणि तेव्हापासूनच थोरल्याने धाकट्याशी बोलणं टाकलं होतं. ही बेअरिंगं धाकट्याने बसवली होती. त्यानंतर थोड्याच दिवसांत आईच्या छातीत कळ आली. त्याने तिला याच गाडीत घातलं, आणि हॉस्पिटलच्या वाटेवरच्या पुलाजवळ इंजिन जाम झालं. मदत येईपर्यंत आई गेली. धाकट्याने ते स्वतःच्या तोंडाने सगळ्यांना सांगितलं होतं.

"बेअरिंग आणि क्रँकमधली फट मोजली होतीस?" थोरल्याने तेव्हा चारचौघांत विचारलं होतं.

"मोजली होती," एवढंच धाकटा म्हणाला होता.

यावर विश्वास कोण ठेवणार? कारखान्यात लेथवर थोरल्याला मायक्रॉन म्हणत. घरी बायको म्हणे, हे चहात साखरसुद्धा गेज लावून घेतील. आणि धाकट्याला त्याने स्वतःच नाव ठेवलं होतं, 'चालतंय'. नट ढिला? चालतंय. तेल कमी? चालतंय.

आता थोरल्याच्या लेकीला आजोबांची गाडी चालती हवी होती. काकाला बोलावणार असाल तरच, अशी तिची अट होती. थोरला कबूल झाला, पण त्याच्या मनात निराळंच होतं. वितळलेलं बेअरिंग भावाच्या तळहातावर ठेवायचं आणि म्हणायचं, ही घे तुझी मोजणी.

"खोल," तो म्हणाला.

धाकट्याने बेअरिंगवरची पहिली कॅप सोडली. थोरला दिवा घेऊन वाकला. फट कमी पडली की तेल आत शिरत नाही, धातू वितळून माखतो, क्रँक निळा पडतो. इथे बेअरिंगची वाटी राखाडी होती, गुळगुळीत. क्रँक लख्ख.

"पुढची."

पुढचीही तशीच. त्याच्या पुढचीही. प्रत्येक कॅपबरोबर थोरल्याचा पारा चढत होता. शेवटची त्याने भावाला बाजूला सारून स्वतःच सोडली. तीही कोरी करकरीत.

त्याने फट मोजायचा मऊ प्लास्टिकचा दोरा काढला. क्रँकवर त्याचा तुकडा आडवा ठेवला, कॅप बसवली, टॉर्क पान्याने ठरल्या जोराइतकेच बोल्ट आवळले.

"क्रँक हलवू नकोस."

"माहितीये, दादा."

"तुला काय काय माहितीये ते मला ठाऊक आहे."

कॅप काढली. चेपलेल्या दोऱ्याला पट्टी लावली. फट बरोबर होती, तेलापुरती, ना कमी ना जास्त. त्याने पुन्हा मोजली. सगळ्या मोजल्या. त्याने स्वतः बसवली असती तरी याहून नेमकी बसली नसती.

एवढी वर्षं सांभाळलेला राग असा हातातून निसटायला लागला, तेव्हा तो आणखीच भडकला.

"मग जाम कसं झालं?"

"जाम झालं नव्हतं. पिस्टन गंजले ते नंतर, उभ्या उभ्या."

"आणि पुलाजवळ?"

धाकटा पुसलेलेच हात पुन्हा पुसत राहिला. "चालू होतं. मी बंद केलं."

थोरल्याने पाना बाकावर आपटला आणि त्याची कॉलर धरली. "आई तडफडत होती आणि तू इंजिन बंद केलंस?"

"ती गेल्यावर केलं."

"खोटं. पुलावरून हॉस्पिटल दिसतं. चालू गाडीतून पोचला असतास."

"हॉस्पिटलच्या फाटकापर्यंत पोचलो होतो. तिथून परत निघालो होतो."

"परत? कुणाला विचारून?"

"आईनेच सांगितलं. जरा बरं वाटतंय म्हणाली. ऐकेना. स्टिअरिंगवरचा हात धरून बसली."

"आणि तू ऐकलंस," थोरला दात खाऊन म्हणाला. "वर जगाला सांगितलंस इंजिन जाम झालं. मी तुला गावभर शिव्या दिल्या, दारात उभं केलं नाही, तरी तोंड उघडलं नाहीस. का?"

धाकट्याने कॉलरवरचा त्याचा हात हळूच सोडवला.

"त्या दिवशी सकाळी तू तिच्यावर ओरडून, भरलं ताट लोटून कामावर गेला होतास," तो म्हणाला. "फाटकाशी तिने तेवढंच सांगितलं. गाडी घरी घे, डबा करून देते. थोरला उपाशी गेलाय."