चुकून गेलेलं सांत्वनपत्र

गोजरबाईंनी दार उघडलं, पण उंबऱ्यावरून त्या हलल्या नाहीत. त्यांच्या हातात खासदारांचं पत्र होतं.

"हे तुमीच लिवलं ना?"

"मीच टाइप केलं," सुहास म्हणाला. "चूक झाली माझी. माफी मागायलाच आलोय."

पत्र तीन ओळींचं. श्री. गहिनीनाथ यांच्या निधनाचे वृत्त ऐकून अतीव दुःख झाले, ईश्वर मृतात्म्यास शांती देवो, आपल्या दुःखात मी सहभागी आहे. खाली खासदार अमृतरावांची सही. सगळं कसं रीतसर होतं. एवढंच, की गोजरबाईंचा नवरा गहिनीनाथ मेलेला नव्हता.

खासदारांच्या कार्यालयात अशी पत्रं सुहास रोज वीस-पंचवीस काढायचा. मतदारसंघात कुणी गेलं की तिसऱ्या दिवशी घरी पत्र, आणि दहाव्याला साहेब स्वतः हजर. श्रद्धांजलीचं भाषणही करणार. हा माणूस एखादं लग्न चुकवेल पण दहावा नाही, असं विरोधकही म्हणायचे. तीन वेळा दिल्ली गाठली ती या दहाव्यांच्या जोरावर, असं शेवगावच्या बाजारात लोक हसत सांगत.

गेलेल्यांची नावं तालुक्याचे कार्यकर्ते मोबाईलवर पाठवत. त्या दिवशीची यादी मात्र साहेबांनी दिल्लीला निघता निघता स्वतःच्या हाताने लिहून दिली होती. अकरा नावं. सुहासने ती डोळे झाकून उतरवली. गावात एक फोन करून खात्री करायला काय झालं होतं, हेच त्याला कालपासून खात होतं.

साधा माणूस असता तर माफी मागून मिटलं असतं. पण गहिनीनाथ हा साहेबांचा जुना ड्रायव्हर. आठ वर्षांपूर्वी मारहाणीत एक विरोधी कार्यकर्ता गेला, त्या खटल्यात साहेब जामिनावर होते आणि सोमवारी नगरच्या कोर्टात गहिनीनाथची साक्ष होती. मारहाणीच्या दिवशी साहेब दिल्लीत अधिवेशनात होते, असं सुहासला सांगण्यात आलं होतं, आणि त्याला ते पटलंही होतं. आता साक्षीदारालाच मरणाचं पत्र! कोर्टाला कळलं तर जामीन रद्द, आणि शिक्षा झाली तर खासदारकीच गेली. चौदा वर्षं ज्यांचं मीठ खाल्लं त्यांना आपण एका कागदाने बुडवणार, अशी त्याला धास्ती होती.

साहेब मात्र चिडले नव्हते. "माणूस आहे, चुकतो," ते म्हणाले होते. "तुम्ही स्वतः जा, सुहासराव. तुमच्या वडिलांनी त्या गावात शाळा चालवली, तुमच्या शब्दाला तिथं वजन आहे. गहिनीनाथला समोर बसवून माफी मागा. फोनवर नको."

"त्ये घरी न्हाईत," गोजरबाई म्हणाल्या. "समन्स आल्यापास्नं घरी झोपतच न्हाईत. कुठं हायत त्ये मी सांगायची न्हाई."

"नका सांगू. बोलावून तरी घ्या."

"आन् बोलावल्यावर?" त्यांचा आवाज फाटला. "ह्यो कागद आला तवापास्नं घास उतरंना मला. कपाळाचं पुसू का ठिवू, सांगा तुमीच!"

सुहासला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "बाई, साहेबांच्या मनात काही काळंबेरं असतं तर त्यांनी मला पाठवलं असतं का?"

"लेकीची आन घ्या."

सुहासने गळ्याला हात लावला. "माझ्या अपूर्वाची शपथ. चूक माझी आहे, साहेबांची नाही."

 गोजरबाईंनी आत जाऊन फोन लावला.

अर्ध्या तासाने उसाच्या कडेने एक मोटारसायकल आली. तोंडाला उपरणं गुंडाळलेला गहिनीनाथ खाली उतरला नाही, इंजिनही बंद केलं नाही. त्याने आधी रस्त्याच्या दोन्ही बाजू पाहिल्या. सुहासने हात जोडले आणि सगळं सांगितलं.

"सोमवारी मी खरं त्येच बोलनार," गहिनीनाथ म्हणाला.

"बोला. साहेबही म्हणाले, त्याला खरं ते बोलू द्या."

 गहिनीनाथने किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. "गुरुजींचा पोरगा खोटं बोलायचा न्हाई. महिना झाला गं, घरची भाकर न्हाई पोटात."

गोजरबाई रडल्या, हसल्या आणि चुलीकडे धावल्या. "आता कुठं जायाचं न्हाई. घरीच ऱ्हावा," त्या आतून ओरडल्या. सुहासलाही त्यांनी जेवल्याशिवाय सोडलं नाही. पिठलं-भाकरी खाताना त्याच्या जिवात जीव आला. निघताना त्याने ते पत्र मागून घेतलं आणि गाडीतूनच साहेबांना फोन केला.

"ते घरी आलेत, साहेब. आता घरीच राहणार म्हणालेत."

"शाब्बास. या तुम्ही."

दिवेलागणीला तो नगरच्या कार्यालयात पोचला, तेव्हा साहेब चष्मा लावून पुढच्या दोन आठवड्यांचा दौरा पाहत होते. सुहासने पत्राचे चार तुकडे करून टोपलीत टाकले. "मिटलं, साहेब. मनावरचं ओझं उतरलं."

"माझंही," साहेब म्हणाले. त्यांनी आजपासून बोटांवर दिवस मोजले. "आज शुक्रवार. परवाचा सोडून त्याच्या पुढचा रविवार मोकळा ठेवा, सुहासराव. सकाळी आपल्याला गहिनीनाथच्या दहाव्याला जायचंय."