गाळलेलं ऑइल

जुनं ब्रेक ऑइल धोतराच्या फडक्यातून गाळून गुणाजीने परत गाडीत ओतलं होतं आणि धाकट्या भावाला, निकेतला सांगितलं होतं, "नवा घातलंय." कुडाळच्या उतारावर ब्रेक लागलाच नाही. निकेत गेला.

तेराव्याला गुणाजी पाहुण्यांना म्हणाला, "निकेत गाडी नुसती उडवायचो, कोणाचा आयकाचो नाय." खरं त्याने बायकोला, वर्षालीलाही सांगितलं नव्हतं.

आज दुरुस्त होऊन आलेल्या त्याच गाडीत तो खरोखरच नवं ऑइल भरत होता. पेडल दाबायला त्याने वर्षालीला हाक मारली होती आणि गाडीचं दार लागल्याचा आवाज आला होता. चाकाआड तोंड लपवता येतंय, हेच त्याला बरं वाटत होतं.

"दाब."

चाकाजवळच्या नळीतून जुनं काळं ऑइल बाहेर आलं.

"दाब."

पुन्हा आलं.

"अहो," परसातल्या विहिरीवरून वर्षालीची हाक आली, "मी हंय कपडे धुतंय. तुमी कोणाक दाब म्हणतास?"

पेडल करकरलं.

"दादा, ह्या खेपेक तरी नवा घातलंस मां?"