मालकाचा पत्ता

भटक्या कुत्र्यांच्या निवाऱ्यातल्या त्या तरण्या कुत्र्याला क्षणभर चैन नव्हती. मोकळं सोडताच त्यानं अंगणातली सगळी पिल्लं वळवून एका कोपऱ्यात आणली. "हाच हवा मला," म्हणत मृदुलानं दत्तक घेण्याचा अर्ज भरायला घेतला.

तेवढ्यात फाटकाशी घोंगडीवाला मेंढपाळ आला. त्यानं हाळी देताच कुत्रा धावत जाऊन त्याच्या पायांवर लोळला.

"माझा हाय वो सायेब. हायवेवर चुकला. आठ दिस हुडकतोय."

"घरचा पत्ता?" व्यवस्थापकानं विचारलं.

"मेंढरं जातील तिथं आमचं घर."

"मग नाही देता येणार. पत्ता नाही, तर निदान कुणाची तरी साक्ष हवी."

मेंढपाळानं मृदुलाकडे पाहिलं. 'त्याचाच आहे' एवढं ती म्हणाली असती तरी भागलं असतं, आणि ते तिला कळत होतं. पण कुत्रा तिच्या मनात भरला होता. तिनं मान खाली घालून आपला दहाव्या मजल्यावरचा पत्ता लिहिला.

दोन आठवडे कुत्रा बाल्कनीत साखळीला हिसडे देत राहिला. शेजारी वैतागले. शेवटी तीच त्याला परत घेऊन आली.

"तो मेंढपाळ कुठं भेटेल?"

"रोज इथं येऊन बसायचा," व्यवस्थापक म्हणाला. "परवा मेंढरं पुढं निघाली, त्यालाही जावं लागलं."